किल्ली खुंटीवरच होती

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज झाली होती, डबे अजून निम्मे भरलेले होते आणि आमच्या ओसरीवर चार पुरुषांचा दरबार भरला होता. विषय एकच, मागच्या अंगणात पत्र्याखाली झाकून ठेवलेली भाऊजींची प्रीमियर 118 एनई. 1990 सालची, मूळची पांढरी, एमएच 13 नंबरची, कारण सोलापुरातून जुनी घेतली होती. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या म्हणाला, "काका, हिला परत रस्त्यावर आणू. आता असल्या गाड्यांना क्लासिक म्हणतात."

झालं! मग काय विचारता. बीएचपी किती, टॉर्क किती, शून्यावरून शंभरला किती सेकंदांत जाते... मी चिवड्याच्या बश्या घेऊन आत-बाहेर करत होते. बीएचपी म्हणजे अश्वशक्ती, एवढं मला ठाऊक आहे. जाता जाता विचारलं, "शंभरवरून शून्यावर यायला किती लागतं रे हिला?"

ओसरी गप्प. मग भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा चहाचं बघता का?"

चहाचं मी बघितलं. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मैत्रिणींनो, गाड्या हा आपला विषय नाही असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. मीही त्यातलीच. बी.ए. मराठी घेऊन केलं, इंजिनाशी संबंध फक्त रॉकेलच्या स्टोव्हएवढा. पण या वेडाची पाळंमुळं आपल्या भागातही आहेत, हे कळल्यावर मला त्यात गोडी वाटायला लागली. प्रीमियर कंपनी उभी करणारे वालचंद हिराचंद आपल्या शेजारच्या सोलापूरचे, जन्म 1882 चा. आगबोटी, विमानं आणि मोटारी हे तिन्ही कारखाने हिंदुस्थानात व्हावेत म्हणून इंग्रजांच्या राज्यात धडपडलेला हा माणूस. 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे याच कंपनीची फियाट आली, तिचीच 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण सगळ्यांनी तिला सिनेमात पाहिलंय. त्यातली शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली.

पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास आणि गियरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामानाने 1985 साली आलेली 118 एनई म्हणजे तरुण पोरगी! बांधणी फियाट 124 च्या घराण्यातली, इंजिन जपानच्या निस्सानचे, 1171 सीसी, बावन्न घोड्यांचे. गियर खाली, हाताशी. हौशी मंडळी तिला रॅलीतही पळवत. आज आपण मंडईत जायला जी लहान गाडी काढतो, तिच्यातही साठापेक्षा जास्त घोडे असतात. पण त्या काळात बावन्न म्हणजे भाऊजींच्या भाषेत 'विमान'.

पुतण्याच्या तोंडी मात्र पुढच्या पिढीची नावं होती. गोव्यात 1998 च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार तयार व्हायची. फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, साठ घोडे आणि बसायला जागा फक्त दोघांना. (सासूबाईंना कुठं बसवायचं, हा प्रश्न ती गाडी काढणाऱ्यांना पडला नसावा.) मग 2001 साली फियाटची पॅलिओ आली, तीही कुर्ल्याच्याच कारखान्यातून. तिच्या 1.6 लिटरच्या इंजिनात शंभर घोडे होते आणि जाहिरातीत आपला सचिन. त्याच सचिनला 2002 साली इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून लाल फेरारी मिळाली. 360 मोडेना, चारशेच्या घरात घोडे, पाच सेकंदांच्या आत शंभरचा वेग! ती भारतात आणायची तर एक कोटीच्या वर आयात कर. सरकारने तो माफ केला, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? शेवटी तो कर कंपनीने भरला. आमच्या घरी तेव्हा जेवायला बसलं की हाच विषय. कर बरोबर की चूक, यावर सासरे आणि भाऊजी यांच्यात दोन दिवस अबोला होता.

एवढं सगळं ऐकून मला वाटतं, की या आकड्यांत खोटं काही नाही, पण ते अर्धेच आहेत. पुरुषांच्या गप्पांत गाडी कायम सुटत असते, ती थांबत कधीच नाही.

शंभरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. समोर काही दिसलं, डोक्यात आलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच तो एक सेकंद संपतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी मोठ्या एसटीच्या दुपटीपेक्षा जास्त अंतर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेकचं काम सुरू होतं. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. साठला वीस मीटर लागत असतील तर एकशेवीसला ऐंशी. रस्ता ओला असला, टायर गुळगुळीत झालेलं असलं, तर आणखी वाढवा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसं रात्रभर चालत येतात. तेव्हा पोलीस गाड्यांची वाट वळवतात म्हणून बरं. पण एरवीही आपल्या रस्त्यांवर ऊसतोडीच्या बैलगाड्या, शेळ्या, शाळेची पोरं असतातच की. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. तिचा वेग कमी होता म्हणून निभावलं. पण जुन्या गाडीत नवं तगडं इंजिन घालून ब्रेक तेच ठेवणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. पैसे मात्र पुष्कळदा त्यांच्याच डब्यातून गेलेले असतात.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं, ते सांगते.

2006 सालचा डिसेंबर. आमचे 'हे' शाळेची सहल घेऊन गेले होते, भाऊजी पुण्याला प्रशिक्षणाला. घरात मी, जाऊबाई, सासू-सासरे आणि लहान मुलं. रात्री दोनच्या सुमारास सासरे पाणी प्यायला उठले आणि पेला हातातून पडला. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोबडं बोलायला लागले, उजवा हात लुळा. घरापाशी येऊन तपासून गेलेले डॉक्टर म्हणाले, "ताबडतोब सोलापूरला हलवा."

सोलापूर आमच्यापासून साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. भाऊजी नेहमी सांगायचे, "आपल्या गाडीला सोलापूर म्हणजे पन्नास मिनिटं." गाडी अंगणात उभी होती. टाकी भरलेली होती, कारण भाऊजी ती कधी रिकामी ठेवत नसत. किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर होती. मी ती हातात घेतली, परत ठेवली, परत घेतली. जाऊबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. दोघींपैकी एकीलाही गाडी चालू कशी करायची हे माहीत नव्हतं. आठ वर्षं आम्ही त्या गाडीची दसऱ्याला पूजा करत होतो, चाकाखाली लिंबं ठेवत होतो!

108 ची रुग्णवाहिका तेव्हा महाराष्ट्रात नव्हती, ती 2014 ला आली. शेजारच्या काकांनी दुसऱ्या गल्लीतल्या जीपवाल्याला उठवायला माणूस पाठवला. तो घरी नव्हता, लग्नाच्या वऱ्हाडात गेला होता. दुसरी जीप मिळून निघायला पावणेचार वाजले. त्या पावणेदोन तासांत मी ओसरीवर सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर चांदण्यात ती पांढरी गाडी चमकत होती. बावन्न घोडे. त्या रात्री त्यातला एकही हलला नाही.

सासरे वाचले. नंतर नऊ वर्षं जगले. पण उजवा हात गेला तो गेलाच. ते मोडी वाचायचे, वळणदार अक्षर होतं त्यांचं. पुढे सही डाव्या हाताने करायचे, लहान मुलासारखी. लवकर आणलं असतं तर हात वाचला असता का, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, मलाही कुणी सांगितलं नाही. पण मेंदूत गुठळी झाली तर ती विरघळवणारं इंजेक्शन आज साडेचार तासांच्या आत देतात, हे आरोग्य शिबिरात ऐकलं, तेव्हा मी पदर तोंडाला लावून बाहेर गेले होते.

एखाद्या गाडीची कामगिरी मोजायची तर माझं माप हे असं आहे. घरातल्या किती माणसांना ती चालवता येते? एकालाच येत असेल, तर तो घरी नसताना फेरारीसुद्धा नुसतं कपाटच.

मी गाडी शिकले वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. शिकवणारा पोरगा पहिल्या दिवशी म्हणाला, "काकू, साहेबांनी पाठवलं का तुम्हाला?" म्हटलं, नाही रे, मीच आले. हाफ क्लच जमायला आठवडा लागला. चढावर गाडी मागे सरकली की माझ्या तोंडून "आई भवानी!" निघायचं आणि तो पोरगा हसायचा. पहिल्यांदा एकटी तुळजापूरपर्यंत जाऊन आले, त्या दिवशी घरी कुणाला सांगितलंच नाही. मुद्दाम.

यावर ठरलेलं उत्तर येतं. बायका चालवायला लागल्या की ठोकतात. माझं म्हणणं, एकदा सणासुदीच्या रात्री कुठल्याही इस्पितळाच्या अपघात विभागात जाऊन बसा आणि कोण कोण येतं ते मोजा. शर्यतीचंच म्हणाल तर पुण्याच्या डायना पंडोले यांनी 2024 साली राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून गटाचं अजिंक्यपद मिळवलं. असं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. शिक्षिका आहे, दोन लेकरांची आई आहे. आणि ज्या पुण्याच्या टेल्कोने 1974 च्या सुमारास 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' अशी जाहिरात दिली होती, जिच्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं, त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात आज हॅरिअर आणि सफारीची एक जुळणी-साखळी दीड हजारांहून जास्त बायका चालवतात. मोटार बांधायला बाई चालते, मग चालवायला का नको?

गेल्या नोव्हेंबरात तर गंमतच झाली. आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि टाटांनी संघातल्या प्रत्येकीला नवी सिएरा देण्याचं जाहीर केलं. मूळची सिएरा 1991 ची, पुण्याचीच, मागे भल्यामोठ्या काचांची. तीही पुतण्याच्या 'क्लासिक'च्या यादीत आहे. मी त्याला फोन करून सांगितलं, "बघ, सांगलीच्या स्मृतीलाही किल्ली मिळणार." तो म्हणाला, "काकू, तिचं वेगळं असतंय."

सगळ्यांनी शिकलंच पाहिजे, असा माझा हट्ट नाही. माझ्या एका मैत्रिणीला खरोखर भीती वाटते, तिच्या मागे लागू नये. आणि बचत गटातल्या बायका मला विचारतात, "ताई, आमच्याकडं गाडीच कुठंय?" खरं आहे. पण त्यांच्यातल्याच दोघी आता घरचा छोटा हत्ती चालवायला शिकतायत. भूमकडचा खवा पहाटे वेळेत पोचला नाही की भाव पडतो, आणि नवऱ्याची झोप काही बाजार बघून उघडत नाही.

तर, आमची 118 एनई. भाऊजींना आधी अॅलॉय व्हील हवीत, पुतण्याला रंग. मी बचतीतले तीस हजार देऊ केले आहेत, पण अटीवर. आधी ब्रेक, मग टायर, मग सीटबेल्ट, रंग सगळ्यात शेवटी. दोन दिवस कुरकुर झाली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही पार मेकॅनिकच झाला की!" जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मलाबी शिकायचंय, पण ह्यांच्याकडनं न्हाई, तुमच्याकडनं." भाऊजी काहीच बोलले नाहीत.

गाडी आता सोलापूरच्या गॅरेजात आहे. गेल्या आठवड्यात मेकॅनिकचा फोन आला, जुनी किल्ली झिजलीय, नवी करावी लागेल. मी म्हटलं, तीन करा.