गोळीचा असर ओसरला, औषध मात्र अंगातच

परीक्षा जवळ आल्या की ‘एकाग्रतेच्या गोळ्यां’ची चर्चा मुलांमध्ये सुरू होते. त्यांपैकी एक औषध मिथाइलफेनिडेट. एडीएचडी असलेल्या मुलांना ते खरोखर उपयोगी पडते. पण मित्राकडून मागून घेण्याची ही वस्तू नव्हे.

साध्या गोळीचा असर तीन-चार तासांत ओसरतो आणि दुसरी घ्यावीशी वाटते. मात्र असर ओसरला म्हणजे औषध संपले, असे नाही. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दर 3 तासांनी निम्मे होते. संध्याकाळी 6 ला घेतलेली गोळी 8 च्या सुमारास रक्तात सर्वाधिक असते. 11 वाजताही त्यातले निम्मे उरते. मग झोप उडते, आणि वाचलेले पक्के होण्यासाठी झोपच तर हवी असते! शिवाय नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, तो वेगळाच. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचा असर तर 8 ते 12 तास टिकतो.

यकृत या औषधाचे रिटॅलिनिक आम्ल बनवते. ते लघवीच्या तपासणीत एक-दोन दिवस सापडू शकते. स्पर्धाकाळात हे औषध खेळाडूंना निषिद्ध आहे. उपचारासाठी घेणाऱ्यांनी आधीच रीतसर सवलत मिळवावी लागते. आपल्याकडे ते एनडीपीएस कायद्याखाली येते.

डॉक्टरांनी दिले असेल तर वेळ आणि मात्रा पाळा, भीतीपोटी मुलाचे औषध परस्पर बंद करू नका. छातीत दुखले किंवा धडधड थांबेना, तर थेट रुग्णालय गाठा.