विश्लेषण : रसायनशास्त्राच्या शोधनिबंधात संदर्भसूची इतकी महत्त्वाची का?

अच्छाडची सीमा ओलांडली की भिलाड आणि पुढे वापीची रासायनिक वसाहत. तलासरी-डहाणूतील रसायनशास्त्राचे अनेक पदवीधर नोकरीसाठी याच वाटेने जातात. त्याआधी एमएस्सीच्या प्रकल्प अहवालात त्यांना संदर्भसूची द्यावी लागते. हे काम अनेकदा अहवाल बांधणीला जाण्याच्या आदल्या रात्री उरकले जाते. परीक्षकही ती पाने उलटून पुढे जातात. इतर विषयांत हे एकवेळ खपेल, रसायनशास्त्रात नाही.

संदर्भात नेमके काय दडलेले असते?

‘ही अभिक्रिया पूर्वी दिलेल्या पद्धतीने केली’ असे एक वाक्य आणि त्यावर बारीक आकडा, एवढेच निबंधात असते. द्रावक कोणता, तापमान किती, काय आधी मिसळायचे, हे सारे त्या आकड्यामागच्या मूळ निबंधात. आकडा चुकीच्या पानावर नेत असेल तर प्रयोग पुन्हा करता येत नाही. कधी ते धोक्याचेही ठरते.

बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही अभिक्रिया घ्या. फ्लेव्होन या वनस्पतींतील पिवळ्या रंगद्रव्यांच्या गटातील संयुगे बनवण्यासाठी ती वापरतात. के. वेंकटरामन पुढे मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांचा संदर्भ असा लिहितात : महाल, एच. एस.; वेंकटरामन, के. जे. केम. सोस. १९३४, १७६७. या निबंधात सोडामाइड वापरले आहे. पाण्याशी संपर्क येताच ते भडकू शकते, त्यामुळे मूळ कृती न वाचता हात घालण्यासारखा हा पदार्थ नव्हे.

आता ‘जे. केम. सोस.’ म्हणजे लंडनच्या केमिकल सोसायटीचे नियतकालिक. मध्ये ‘अॅम.’ घातले की ते अमेरिकेचे होते, ‘इंडियन’ घातले की कोलकात्याचे. एका शब्दाने निबंध खंडच बदलतो! शिवाय या संदर्भात खंड क्रमांक नाही, कारण तेव्हा हे नियतकालिक वर्षावरूनच ओळखले जाई. रिकामी जागा दिसली म्हणून तिथे एखादा आकडा भरू नये.

मांडणीचे नियम कोणते?

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पद्धतीत आडनाव आधी, लेखकांमध्ये अर्धविराम आणि वर्ष ठळक. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पद्धतीत आद्याक्षरे आधी आणि ठळक असतो तो खंड क्रमांक. नियतकालिकांची संक्षिप्त नावे केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसच्या सूचीप्रमाणे घ्यायची. स्वल्पविरामांचे काम झोटेरोसारखे सॉफ्टवेअर करते. नोंद खरी आहे का, हे ते सांगत नाही.

खोटे संदर्भ येतात कुठून?

एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून एक काल्पनिक संदर्भ दिला होता : व्हॅन डर गीर व इतर, वर्ष २०००. असा निबंध कधी लिहिलाच गेला नव्हता. तरीही सुमारे चारशे शोधलेखांत तो उद्धृत झाल्याचे २०१७ मध्ये समोर आले. नमुना पुसायचा राहिला, एवढेच बहुतेक ठिकाणी घडले असावे.

आता एआय चॅटबॉट असे नमुने मागू तितके बनवून देतात. लेखक खरे, नियतकालिक खरे, निबंध मात्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर आकारणी आदेश रद्द केला. त्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचा आधार घेतला होता. न्यायालयात समोर विरोधी पक्ष असतो. प्रकल्प अहवालासमोर कोण असतो?

साहित्यचोरी तपासणीत हे सापडत नाही?

नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि साम्य मोजताना संदर्भसूची वगळली जाते. म्हणजे साठपैकी वीस संदर्भ बनावट असले तरी अहवालाला ‘८ टक्के’चे प्रमाणपत्र मिळू शकते. महाविद्यालये याच कागदावर समाधान मानतात, हे पटण्यासारखे नाही. तोंडी परीक्षेत कोणतेही पाच संदर्भ उघडायला सांगावेत आणि त्यांना गुण ठेवावेत. डीओआय क्रमांकावरून निबंध सापडतो की नाही, हे मिनिटभरात कळते. जुन्या निबंधांनाही तो क्रमांक मिळालेला आहे.

पण दोष विद्यार्थ्यांवर ढकलून चालणार नाही. मूळ निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, म्हणून दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उतरवली जाते. तिथली चूकही सोबत येते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली, मात्र सरकारी संस्थांसाठी. खासगी संस्थांची महाविद्यालये पहिल्या टप्प्यात नव्हती आणि ग्रामीण तालुक्यांत बरीचशी महाविद्यालये अशाच संस्था चालवतात. तोवर लेखकाला ईमेल करून प्रत मागण्याचा मार्ग आहे. बरेच लेखक ती आनंदाने पाठवतात. तीही मिळाली नाही, तर जो निबंध प्रत्यक्ष वाचला त्याचाच संदर्भ द्यावा आणि मूळ निबंध त्यात उद्धृत असल्याचे लिहावे.