भरल्या पोटी आमिष कसलं?

उंदीर पकडायचा तर पिंजऱ्यात काय लावायचं, यावर आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. आई म्हणते, कांदाभजी. तीही कालची नाही, ताजी. तेलाचा वास दरवळायला हवा! बाबांचं मत सुक्या बोंबलाला. (बाबांचं मत कुठल्याही विषयावर सुक्या बोंबलालाच असतं, तो भाग वेगळा.) मी आपली न्यूट्रल. भूक लागली की उंदीर येणारच, त्यात एवढं डोकं काय लावायचं, असा माझा सरळसाधा फंडा.

हा फंडा किती कच्चा आहे हे मला कळलं थेट अमेरिकेत. ताईच्या बॅकयार्डमध्ये. आणि तेही उंदराच्याच एका पंचवीस किलोच्या भाऊबंदामुळे!

गेल्या जुलैत मी ताईकडे गेले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टनपासून गाडीने तासाभरावर ताई-जिजूंनी नवं घर घेतलंय. मागे लॉन, लॉनच्या टोकाला ओढा, पलीकडे गर्द झाडी. फोटो बघून मी जाम जळले होते. प्रत्यक्षात गेले तर अर्ध्या लॉनमध्ये पचपच पाणी, आणि जिजूंचा चेहरा महिनाअखेरीसारखा.

‘बीव्हर,’ जिजू म्हणाले. आपण ‘बिल्डर’ म्हणतो ना, अगदी त्याच सुरात.

तसा तो बिल्डरच. आपल्याकडे हा प्राणी नाही, म्हणून थोडी ओळख करून देते. बीव्हर म्हणजे पाणमांजर नव्हे. हा कुरतडणाऱ्यांच्या घराण्यातला, उंदीर-खारींचा नातेवाईक. सपाट, खवल्यांची शेपटी आणि केशरी दात. (दातांत लोह असतं, म्हणून तो रंग. पानाचा नाही!) दातांनी झाडं पाडायची, फांद्या आणि चिखल रचून ओढ्यावर बांध घालायचा, मागे तळं तयार करायचं आणि त्या तळ्यात घर बांधायचं. घराचं दार पाण्याखाली, म्हणजे कोल्हा-लांडगा आत येणार नाही. सिक्युरिटी एकदम टाइट. आत आई-बाबा, गेल्या वर्षीची मुलं आणि यंदाची पिल्लं. पक्की एकत्र कुटुंबपद्धती. दोन वर्षांचं झालं की मात्र मूल स्वतःचं घर शोधायला बाहेर पडतं. (आमच्या वयाच्या मंडळींनी हे वाक्य आईबाबांना वाचून दाखवू नये.)

प्रॉब्लेम एवढाच, की या कुटुंबाचं तळं पसरत पसरत जिजूंच्या सेप्टिक टँकपर्यंत पोचलं होतं. तिथे गावाला ड्रेनेजची लाइन नाही, प्रत्येकाचा आपापला सेप्टिक टँक. जमिनीत पाणी भरलं की तो तुंबणार, आणि मग काय होणार हे मी या गुळगुळीत पानावर लिहीत नाही. वर तीस वर्षांचं कर्ज. जिजूंची झोप उडाली नसती तरच नवल.

शेजाऱ्यांची मीटिंग भरली ताईच्या डेकवर. सेम टू सेम आपल्या सोसायटीची जनरल बॉडी, फक्त चहाऐवजी लेमोनेड. एक जण म्हणाला, उडवा सगळ्यांना. पलीकडच्या आजी म्हणाल्या, माझी नातवंडं रोज संध्याकाळी त्यांना बघायला येतात, हात लावाल तर बघा. जिजू अर्थातच ‘उडवा’ पार्टीत. ताई नेहमीप्रमाणे मध्यममार्गी, ‘पिंजऱ्यात पकडायचं आणि लांब जंगलात सोडून द्यायचं. सिंपल!’

एवढं सिंपल नव्हतं. १९९६ साली या राज्यात चक्क जनमत घेऊन पाय किंवा अंग आवळणाऱ्या बहुतेक सापळ्यांवर बंदी आली. पुढे बीव्हर वाढले, तक्रारी वाढल्या, आणि २००० साली कायद्यात सूट मिळाली. आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल, तर गावाचं आरोग्य मंडळ दहा दिवसांचा तातडीचा परवाना देऊ शकतं. तो हातात आला की ट्रॅपरला बोलवायचं.

ट्रॅपर आले. साठी ओलांडलेले, चेक्सचा शर्ट, जुना पिकअप ट्रक. मी आणि ताईने लगेच त्यांचं नाव ‘काका’ ठेवलं. आपापसात, मराठीत. ट्रकच्या मागे सापळे, लांब गमबूट आणि एका डब्यात छोट्या छोट्या बाटल्या. पत्रकाराचं नाक गप्प बसतंय होय? एक बाटली उघडून हुंगली. चामडं, धूर, जुनं कपाट आणि काहीतरी गोडसर, असा अजब वास. वाईट नाही हं. काका हसले. म्हणाले, तुमच्या महागड्या परफ्युममध्ये हेच घालायचे. कॅस्टोरियम! बीव्हरच्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या पिशव्यांमधून येतं. परफ्युमवाले लेदरचा गंध आणायला ते वापरायचे, आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पर्याय आलाय.

मग काकांनी विचारलं, ‘तू यांच्यासाठी काय लावशील?’

मी म्हटलं, खायला काहीतरी. आमच्याकडे भजी लावतात.

‘जानेवारीत पास झाली असतीस,’ काका म्हणाले. ‘जुलैत नापास.’

आणि मग ओढ्याकाठी उभ्या उभ्या माझा क्लास झाला. हिवाळ्यात तळं गोठतं. बीव्हर घराजवळ पाण्यात खोचून ठेवलेल्या फांद्यांवर दिवस काढतो. रोज तोच शिळा मेनू. अशा वेळी बर्फाखाली पॉप्लरची एक ताजी हिरवी फांदी सोडली, की त्याला राहवत नाही. पण उन्हाळ्यात? तळ्यात कमळाच्या जातीची पानं, कंद, काठाला गवत, नेचे, कोवळा पाला. फुल बुफे! त्याला फांदी दाखवणं म्हणजे लग्नात जेवून आलेल्या माणसाला वडापाव दाखवणं. घेईल एखादा, पण भरवसा नाही.

मग भरल्या पोटाला ओढायचं कशाने? घराने.

बीव्हर आपल्या हद्दीवर काठाला चिखलाचे छोटे ढीग करतो आणि त्यावर कॅस्टोरियमचा वास लावतो. ती त्याची पाटी, ‘येथे राहतात श्री. व सौ. अमुक’. काका काय करतात, पाण्यालगत तसाच एक खोटा ढीग रचतात, त्यात काडी खोचतात आणि काडीवर दुसऱ्याच तळ्यातल्या बीव्हरचा वास लावतात. बस्स, थोडासाच! घरमालक पोहत येतो. लोभाने नाही, तावातावाने. कोण हा माझ्या दारात पाटी लावणारा? आणि ढिगाच्या पुढ्यात, पाण्यात, सापळा. हा डाव सर्वांत चांगला वसंतात चालतो, कारण तेव्हा दोन वर्षांची पोरं जागा शोधत फिरत असतात आणि सगळेच हद्दीबाबत हळवे झालेले असतात. उन्हाळ्यात धार थोडी कमी, पण घरात पिल्लं असलेला बीव्हर हद्द सोडत नाही.

दुसरी पद्धत याहून साधी. आमिषच नाही. बांधाला थोडं भगदाड पाडायचं. वाहत्या पाण्याचा आवाज बीव्हरला अजिबात सहन होत नाही. आवाज ऐकवणारा नुसता स्पीकर ठेवला तर त्यावरही फांद्या रचतो! संध्याकाळी दुरुस्तीला येतो आणि अडकतो. तिसरी पद्धत, त्याच्या रोजच्या वाटा शोधायच्या. तळाशी चिखलात पडलेली चाकोरी दिसते. त्या वाटेवर ३३० नंबरचा चौकोनी सापळा, दहा इंच बाय दहा इंच. तो मारण्यासाठीच असतो. उन्हाळ्यात बर्फ नाही, कुत्री पाण्यात उड्या मारतात, पाणमांजरं त्याच वाटेने जातात. त्यामुळे हा सापळा कुठे आणि किती खोल लावायचा, याला काका आमिषापेक्षा जास्त वेळ देतात.

‘आणि जिवंत पकडायचा?’ ताईने विचारलं. काकांनी ट्रकमधून जाळीची एक भलीमोठी सुटकेस काढली. उघडी ठेवायची, बीव्हर मध्ये आला की फाटकन मिटते. संध्याकाळी लावायची आणि पहाटेच बघायची. ऊन चढलं आणि तो जाळीत राहिला तर तापून मरतो.

‘मग हीच लावू या ना!’ ताई खूश.

काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, इथे पकडलेला प्राणी दुसरीकडे सोडायला कायद्याने बंदी आहे. सुटकेसमध्ये धरला तरी नंतर मलाच त्याला मारावं लागेल.

डेकवर एकदम शांतता. ताईचा सिंपल मध्यममार्ग तिथेच संपला.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? दुसरीकडे सोडतात की! वॉशिंग्टन राज्यात मेथो नदीच्या खोऱ्यात २००८ पासून हेच काम चालू आहे. असेच पिंजरे, हेच कॅस्टोरियम, पण अख्खं कुटुंब हाती लागेपर्यंत थांबतात आणि जिथे ओढे आटलेत त्या डोंगरात सोडतात. म्हणजे त्यांचे बांध पाणी अडवतील. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानेही सात जणांचं एक कुटुंब असं हलवलं. आयडाहोने तर १९४८ साली ७६ बीव्हर लाकडी खोक्यांत घालून पॅराशूटने उतरवले होते! एकच दगावला. काकांना हे सगळं माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, तिथे रिकाम्या जागा आहेत. इथे प्रत्येक ओढ्यावर आधीच कुणीतरी राहतंय. आपला त्रास दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकायचा एवढंच होईल.

मला बाबा आठवले. आमच्याकडे उंदीर सापडला की बाबा पिंजरा घेऊन नाल्यापलीकडे सोडून येतात. आणि पलीकडच्या सोसायटीचे काका त्यांचे उंदीर अलीकडे आणून सोडतात. वर्षानुवर्षं. दोघंही स्वतःला दयाळू समजतात.

मग काकांनी जिजूंना एकच प्रश्न विचारला. ‘तुला बीव्हर नकोय, की पाणी नकोय?’

जिजू गडबडले. काका म्हणाले, परवाना आहे, मी उद्या सापळे लावतो. जुलै आहे, फर कुचकामी, ती हिवाळ्यात विकण्याजोगी होते. म्हणजे हे फक्त तुझ्या पैशांसाठी केलेलं काम. आई आधी सापडली तर आत पिल्लं आहेत, हेही सांगून ठेवतो. आणि पुढच्या वसंतात एखादं दोन वर्षांचं पोर फिरत फिरत इथे येईल. बांध तयार, तळं तयार. रेडी पझेशन! पुन्हा मला फोन करशील.

रेडी पझेशन हा शब्द अर्थात माझा. पण जिजूंना नेमकं तेच लागलं. दुसरा उपाय त्याच परवान्यात बसत होता. बांधातून आरपार एक मोठा पाइप घालायचा. त्याचं आतलं तोंड बांधापासून दूर, तळ्यात, जाळीच्या गोल पिंजऱ्यात. पाणी कुठून जातंय हे बीव्हरला ना ऐकू येत, ना कळत. पाइपच्या उंचीवर तळ्याची पातळी ठरते. तळं राहतं, सेप्टिक टँक वाचतो. म्हणजे शेवटी पिंजरा लागलाच, फक्त बीव्हरऐवजी पाइपला!

ऑगस्टमध्ये मी निघाले तेव्हा लॉन बऱ्यापैकी वाळलं होतं. हॅपी एंडिंग? अर्धंच. जिजूंचं सफरचंदाचं झाड एका रात्रीत गेलं, उरलेल्या झाडांना बुंध्याशी जाळी गुंडाळावी लागली. पाइपचा पिंजरा वरचेवर साफ करावा लागतो. आणि काकांनी निघताना स्पष्ट सांगितलं, जिथे थोडंही पाणी साठलेलं चालणार नसतं, तिथे पाइपचा उपयोग नाही, तिथे मी सापळाच लावतो. त्यांचा नंबर अजून फ्रिजवर आहे. शेवटच्या संध्याकाळी मी काठावर गेले तर पाण्यावर शेपटी फटाक् करून आपटून एक जण बुडी मारून गेला. ती त्यांची धोक्याची घंटा. आभार वगैरे कुणी मानले नाहीत.

परत आले. घरी कांदाभजी विरुद्ध बोंबील चालूच होतं. मी म्हटलं, आई, आपल्याला उंदीर नकोय, की तो येतो ती वाट नकोय? सिंकखाली वाकून बघितलं. पाइपाशेजारी हे एवढं भोक! जाळी ठोकली, सिमेंट भरलं. तेव्हापासून भजी आम्हीच खातोय.

फक्त एका आमिषावर अजून उपाय सापडलेला नाही. ऑफिसच्या वाटेवर एक भलंमोठं होर्डिंग लागलंय, ‘स्वप्नातलं घर, टू बीएचके, फक्त काही फ्लॅट शिल्लक’. डबा खाऊन पोट भरलेलं असतं, खिशाची अवस्था ठाऊक असते, तरी रोज सिग्नलला माझी मान तिकडेच वळते. पाण्यात कुठेतरी ३३० नंबर असणार, एवढं मात्र आता कळतं.