‘शासक’, ‘सचिव’ आणि ‘प्रजा’ : सीमाभागातील मुलांचे नागरिकशास्त्र

गणिताच्या पुस्तकाचे भाषांतर बिघडले, तर विद्यार्थी गणितात मागे पडतो. भूगोलाचे बिघडले, तर नद्या आणि पर्वत जागच्या जागी राहतात. केवळ त्यांची वर्णने दुर्बोध होतात. नागरिकशास्त्राची गोष्ट निराळी आहे. तेथे शब्द हाच विषय असतो. सत्ता कोणाची, ती कोणी कोणाला दिली, जाब कोणी कोणाला विचारायचा, ही सारी नाती मुलाला प्रथम शब्दांतूनच कळतात. ते शब्द चुकले, की प्रत्येक वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही धडा उलटा शिकवला जातो.

कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळांसाठी समाजविज्ञानाची जी पुस्तके छापली जातात, ती मराठीत लिहिली जात नाहीत. मराठीत आणली जातात. एकाच राज्याचा एकच अभ्यासक्रम असल्यामुळे भाषांतर करणे यात गैर काही नाही. गैर आहे ते भाषांतराला छपाईपूर्वीची शेवटची किरकोळ पायरी समजणे. एखाद्या इयत्तेचे एखादे पान पुढे करून वाद घालण्यात मला रस नाही. पाने दर काही वर्षांनी बदलतात. पद्धत बदलत नाही. म्हणून पद्धतीबद्दलच बोलू.

कन्नड आणि मराठी या शेजारी भाषांनी संस्कृत आणि फारसी अशा दोन्ही पेढ्यांवरून भरपूर उचल केली आहे. अर्ज, कायदा, कचेरी, तालुका, जिल्हा, सरकार हे शब्द दोन्हीकडे थोड्याफार उच्चारभेदाने नांदतात आणि अर्थही तोच देतात. काही शब्द मात्र दिसायला सारखे असून अर्थाने दूर गेलेले आहेत. कन्नडमध्ये ‘गडि’ म्हणजे सीमा, मराठीत ‘गडी’ म्हणजे राबणारा माणूस. असा गोंधळ हसण्यावारी नेता येतो, कारण संदर्भ लगेच सावरून घेतो. धोका आहे तो भारदस्त संस्कृत शब्दांचा. ते भाषांतरकाराच्या हातून जसेच्या तसे पलीकडे जातात, कारण ते मराठीतही ‘आहेत’.

चार शब्द घेऊ. कन्नडमध्ये विधानसभेच्या सदस्याला ‘शासक’ म्हणतात आणि विधिमंडळाला ‘शासकांग’. कायदा करणारा तो शासक, हा अर्थ कन्नड वाचकाच्या मनात पक्का आहे. त्याला त्यात काही खटकत नाही. मराठीत शासक म्हणजे राज्य करणारा, हुकूम सोडणारा. ज्याला आपण ‘आमदार’ म्हणतो, मत देऊन पाठवतो आणि पाच वर्षांनी घरीही बसवू शकतो, तो ‘शासक’ या शब्दाने क्षणात सिंहासनावर चढतो.

दुसरा शब्द ‘सचिव’. कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री. आपण ज्याला सचिव म्हणतो, त्याला तेथे ‘कार्यदर्शी’ हा शब्द आहे. मंत्री निवडून आलेला असतो आणि विधिमंडळाला उत्तरदायी असतो. सचिव हा नेमलेला अधिकारी असतो आणि मंत्री बदलले तरी प्रशासनात टिकून राहतो. संसदीय लोकशाहीचा अर्धा धडा या एका फरकात सामावलेला आहे. ‘शिक्षण सचिव सभागृहात उत्तर देतात’ असे वाक्य मराठी मुलाने वाचले, तर उत्तर देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे त्याला कधीच उमगणार नाही.

तिसरा ‘मसूदे’. कन्नडमध्ये तो विधेयकाचा शब्द. मराठीत मसुदा म्हणजे कच्चा आराखडा. तो कोणीही, कधीही, कशाचाही करावा. विधेयक मात्र सभागृहात मांडले जाते, त्यावर चर्चा आणि मतदान होते. मसुदा मंजूर झाला की कायदा झाला, असे शिकलेल्या मुलाला मधली सारी पायरीच दिसत नाही. आणि लोकशाही तर त्या मधल्या पायरीवरच उभी असते.

चौथा शब्द सर्वांत जिव्हारी लागणारा : ‘प्रजे’. कन्नडमध्ये ‘नागरिक’ हा शब्द आहेच, पण त्याच अर्थाने ‘प्रजे’ही सहज येतो, लोकशाहीला तर ‘प्रजाप्रभुत्व’ असेच म्हणतात. मराठीतही ‘प्रजासत्ताक’ आहे ना, असे कोणी विचारील. आहे, पण त्या समासात प्रजेच्या पाठीशी ‘सत्ता’ उभी आहे. तीच प्रजा वाक्यात एकटी आली, की तिच्यासमोर आपोआप राजा येऊन उभा राहतो. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘लोक’ आहेत, ‘प्रजा’ नाही, हा काही योगायोग नव्हे.

आता हे चारही शब्द एका परिच्छेदात आणून पाहा. प्रजा शासक निवडते, शासकांमधून सचिव होतात आणि सचिव मसुदा मांडतात. कन्नड शब्दार्थाने हे लोकशाहीचे अचूक वर्णन आहे. मराठी अर्थाने ते एका दरबाराचे वर्णन आहे. दोष कन्नडचा नाही, हे पुन्हा सांगतो. कन्नडने आपले शब्द आपल्या वाचकांसाठी घडवले आणि ते उत्तम घडवले. दोष आहे तो त्या शब्दांवर मराठी मात्रा-वेलांट्या चढवून ‘मराठी माध्यमाची सोय केली’ म्हणणाऱ्या बेफिकिरीचा.

यावर ठरलेला युक्तिवाद असा, की मुलांना याच राज्यात राहायचे आहे, येथल्याच कचेऱ्यांत जायचे आहे, तेव्हा येथल्या संज्ञा त्यांच्या कानावर पडलेल्या बऱ्या. जरूर पडाव्यात. पण कन्नड म्हणून पडाव्यात, कन्नडच्या तासाला, कन्नड अर्थासह. धड्याच्या शेवटी मराठी संज्ञा आणि तिच्यासमोर कन्नड संज्ञा अशी दोन रकान्यांची सूची द्यावी. मूल दोन्ही शिकेल आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचे मूल अशा दुहेरी शिदोरीवर इतरांच्या चार पावले पुढेच जाईल. आज होते ते उलटेच : कन्नड संज्ञा मराठीच्या वेषात येते, म्हणून मूल ती ना कन्नड म्हणून ओळखते, ना मराठी म्हणून समजून घेते.

मराठीत शब्द नाहीत, हे कारण तर कोणी देऊच नये. राज्यकारभाराच्या परिभाषेचा विचार मराठीने शिवकालात ‘राज्यव्यवहारकोशा’च्या निमित्ताने केला. महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा शासनशब्दकोश सिद्ध झाला आणि त्यात मराठी होती. एका संस्थानाने आठ भाषांचे शब्द शेजारी शेजारी मांडून दाखवले. आजच्या एका राज्याला दोन भाषांचे मांडता येऊ नयेत?

शब्दांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आशयाचा आहे. आपल्याकडील नागरिकशास्त्राला जन्मखूण आहे. मुंबई इलाख्यात अधिकारपदे भूषवलेल्या विल्यम ली-वॉर्नर यांनी 1897 मध्ये ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक भारतीय शाळांसाठी लिहिले. ब्रिटिश राज्याचे उपकार ओळखणारा, शिस्तीने वागणारा रहिवासी घडवणे हा त्याचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर राजा गेला, पण पुस्तकाचा सूर पुष्कळसा तोच राहिला. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही नागरिकशास्त्राच्या या वसाहतकालीन, आज्ञाधारकतेवर भर देणाऱ्या वारशाकडे बोट दाखवले. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने दहा मूलभूत कर्तव्ये आली, 2002 मध्ये अकरावे आले. ती मुलांकडून घोकून घेणे सोपे असते. हक्क घोकून भागत नाही. ते वापरून दाखवावे लागतात.

आणि सीमाभागातील मराठी मुलाने वापरावेत असे हक्क घटनेत नावानिशी आहेत. कलम 29 त्याच्या समाजाला आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा अधिकार देते. कलम 30 भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देते. कलम 350 प्रमाणे आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. कलम 350-क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक प्राधिकाऱ्यांनी करावा, असे सांगते. 350-ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेल्या विशेष अधिकाऱ्याची तरतूद करते. 1949 च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेले साधे सूत्रही मुलांना सांगता येईल : वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असतील, तर प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून मिळावे.

पालकांनी आज रात्री घरातील पुस्तक उघडावे. मूलभूत हक्कांच्या यादीत ‘सांस्कृतिक व शैक्षणिक हक्क’ या मथळ्याखाली किती ओळी आहेत, त्या मोजाव्यात. ‘350-क’ हा आकडा कोठे सापडतो का, ते पाहावे. आपल्या गावच्या तहसीलदाराला मराठीत अर्ज कसा लिहावा, असा एक तरी स्वाध्याय आहे का, ते तपासावे. उत्तर मी देत नाही. ज्याच्या त्याच्या घरातील पुस्तक देईल.

येथवर वाचून आपल्याकडील मंडळी माना डोलावतील. म्हणून पुढचे त्यांना उद्देशून. 1 नोव्हेंबर 1956 हा दिवस आपण काळा दिन म्हणून पाळतो. निषेधाची फेरी काढतो. बेळगाव त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेले, हे खरे. पण त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्तीही अमलात आली आणि 350-क व 350-ख ही कलमे घटनेत त्याच दुरुस्तीने आली. ज्या दिवसाने सीमेची जखम दिली, त्याच दिवसाने भाषिक अल्पसंख्याकांच्या हातात एक कागदही दिला. जखम आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. कागद घडी करून ठेवून दिला. फेरीत चालणाऱ्या मुलाला घोषणा पाठ असतात. कलमे पाठ असतात का?

काही जण म्हणतात, कर्नाटकाच्या पुस्तकात दुरुस्त्या मागणे म्हणजे कर्नाटक मान्य करणे; निकाल लागला की बालभारतीची पुस्तके येतीलच. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला 2004 मध्ये. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल शाळा संपवून कधीच मार्गाला लागले. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही आपल्या मागणीची चतुःसूत्री आहे आणि ती न्याय्य आहे. पण चौथ्या सूत्राकडे नीट पाहा. लोकेच्छा व्यक्त करायला ‘लोक’ लागतात, आणि ते शाळेत घडतात. दावा न्यायालयात चालू राहील. मुलाचे बालपण तारखा घेत नाही.

हे सर्व केवळ मराठी मुलासाठी मागितले, तर ती मागणी लंगडी पडेल. महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. बालभारती कन्नडमध्येही पुस्तके काढते. तेथील कन्नड मुलापुढे मराठी ‘सचिव’ आणि ‘मसुदा’ तसेच उतरवले गेले, तर त्याचा गोंधळ आपल्या मुलाच्या गोंधळाची आरशातील प्रतिमा असेल. घटनेची कलमे त्याचीही आहेत. बेळगावात जे मागायचे, ते जतमध्ये द्यायची आपली तयारी हवी. तरच त्या मागणीला न्यायाचे बळ येईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, मराठी माध्यमाच्या समाजविज्ञानाच्या पुस्तकाचे भाषांतर छपाईपूर्वी सीमाभागातील कार्यरत मराठी शिक्षकांच्या समितीने तपासावे आणि समितीतील नावे पुस्तकात छापावीत, म्हणजे जबाबदारी ठरेल. दोन, प्रत्येक नागरिकशास्त्रीय धड्याअखेर मराठी-कन्नड संज्ञांची सूची द्यावी. तीन, भाषिक अल्पसंख्याकांच्या घटनात्मक संरक्षणावर एक स्वतंत्र धडा असावा. आणि तो सर्व माध्यमांच्या पुस्तकांत असावा, कारण शेजाऱ्याचा हक्क कळणे हेही नागरिकत्वच आहे. चार, यातले काही होईपर्यंत आपल्या मराठी संस्थांनी, वाचनालयांनी आणि युवक मंडळांनी आठ पानांची पुरवणी स्वतः छापून प्रत्येक मराठी शाळेतील आठवी ते दहावीच्या मुलांच्या हातात द्यावी. त्यात वर सांगितलेली कलमे सोप्या मराठीत असावीत, संज्ञांची सूची असावी आणि शेवटच्या पानावर मराठी अर्जाचा एक नमुना असावा.

पहिल्या तीन मागण्यांसाठी बंगळूरूकडे पाहावे लागेल. चौथीसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या 1 नोव्हेंबरच्या फेरीत घोषणांच्या फलकांबरोबर ही पुरवणीही वाटली गेली, तर त्या दिवसाचा विसरलेला अर्धा भाग मुलांपर्यंत पोहोचेल.