घारीचा दोष काय?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब दौलताबादला गेलो होतो. तो खंदक, तो तासून गुळगुळीत केलेला कडा आणि शत्रूला स्वतःचा हातही दिसू नये अशी ती अंधारी! किल्ल्याच्या अभेद्यपणावर मी मुलांपुढे व्याख्यान झोडीत होतो, तोच डोक्यावरून वटवाघळांची फडफड गेली. "काका, यांना कुणी अडवलं नाही?" धाकट्या पुतण्याने विचारले. व्याख्यान तिथेच आटोपले.

पोराचे खरे होते. मोठ्या शत्रूसाठी उभारलेल्या तटांतून लहान जीव बिनदिक्कत आत शिरतात. विमानांचेही तेच. खिडकीच्या चौकटीत मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. विमानाचा वेग कळावा म्हणून बाहेर एक बारीक नळी असते. तिच्यात या बाईने बिऱ्हाड थाटले, की वैमानिकाला वेग चुकीचा दिसतो. १९९६ साली डोमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक प्रवासी विमान समुद्रात पडून १८९ माणसे गेली. नळीत अशाच माशीचे घर असावे, असा कयास होता. म्हणूनच उभ्या विमानाच्या त्या नळीला टोपडे घालतात आणि उड्डाणापूर्वी आठवणीने काढतात.

लढाऊ विमानाला पाखरांचे भय अधिक, कारण ते पुष्कळदा खालून आणि वेगाने जाते. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गोव्यात डाबोळीच्या नौदल तळावरून सरावासाठी निघालेल्या मिग-२९ के विमानापुढे पाखरांचा थवा आला. एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमानाचे तोंड मोकळ्या रानाकडे वळवले आणि मगच बाहेर उडी घेतली. दोघे बचावले; गावात कुणाला इजा झाली नाही. तळाचे नाव मात्र 'हंसा'!

"घारीला एवढं मोठं विमान दिसत नाही का?" पुतण्याचा पुढचा प्रश्न. दिसते रे बाबा, पण एवढ्या वेगाचा अंदाज तिला येत नाही. पाऊण किलोची घार ताशी ४०० किलोमीटरच्या विमानावर आदळली, तर चाळीस-पंचेचाळीस किलोचा धोंडा तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा तडाखा बसतो.

पण घार तिथे येते कशाला? बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८० नंतरच्या दशकात आपल्या विमानतळांवरील पाखरांचा अभ्यास केला. घारी-गिधाडांना ओढून आणणारे आमंत्रण आपलेच निघाले : उकिरडे, खाटिकखान्यांची घाण, उघड्यावर टाकलेली मेलेली जनावरे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत अशी घाण टाकू नये, असा विमान नियमांतला ९१ वा नियम आहे. पण नियमाच्या पाटीखालीच उकिरडा करण्यात आपला हात कोण धरणार?

सीताफळांवर ताव मारून झाल्यावर मी साली भिंतीपलीकडे भिरकावणार, तेवढ्यात पुतण्याने वर बोट दाखवले. एक घार संथपणे घिरट्या घालीत होती.

साली मुकाट्याने पिशवीत घालून घरी आणल्या. दिवाळीच्या फराळाचे उरलेसुरले टाकताना, वाचकहो, तुम्हीही एकदा वर पाहा. तिथून कुणाचा तरी मुलगा जात असेल.