भयाला सामोरा जाणारा श्वास

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील निवासी शाळेत येणारे मूल केवळ पेटी आणि अंथरूण घेऊन येत नाही. पावसाने दिलेली ओढ, बोंडअळीने पोखरलेला कापूस आणि घरात दबक्या आवाजात चालणारी कर्जाची बोलणी हेही त्याच्यासोबत वसतिगृहात येते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हापासून वडील फवारणीला गेले की अनेक घरांत जीव टांगणीला लागतो. दिवसा अभ्यासात ही काळजी विसरली जाते. रात्री दिवे मालवल्यावर मात्र छाती धडधडू लागते. अशा मुलाला ‘घाबरू नकोस’ एवढे सांगून भागत नाही. भीती वाटल्यावर काय करावे, हे शिकवावे लागते. शाळेत योगाभ्यास हवा तो यासाठी.

भय वाटणे ही लाजेची गोष्ट नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात भगवान बुद्ध संबोधीपूर्वीच्या अरण्यवासाविषयी सांगतात. रात्री हरिण जवळ आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा सळसळला, की भय दाटून येई. चालताना भय आले तर ते शमेपर्यंत चालतच राहायचे, बसलेले असताना आले तर बसूनच त्याला सामोरे जायचे, असा त्यांचा निश्चय होता.

आनापानसती ही याच वाटेवरची साधना. प्राणायामात आपण श्वासाला लय देतो. आनापानात येणारा-जाणारा श्वास आहे तसा केवळ जाणायचा असतो. दोन्हींचा उपयोग आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. म्हणून सावकाश सोडलेला श्वास धडधडत्या शरीराला शांत व्हायला मदत करतो. महाराष्ट्र शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’ने आनापान शाळांपर्यंत नेले, हे स्वागतार्हच आहे. परंतु २१ जूनचा एक दिवस साजरा करून ही सवय लागत नाही. त्यासाठी रोजची दहा मिनिटे हवीत.

येथे दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, साधना ही शिक्षा किंवा मुलांना गप्प बसवण्याचे साधन होऊ नये. काही मुलांची अस्वस्थता डोळे मिटल्यावर वाढते. त्यांना डोळे उघडे ठेवू द्यावेत, संथ चालू द्यावे. दुसरे, श्वासाने कर्ज फिटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्माची सांगड माणसामाणसांतील वर्तनाशी घातली. तेव्हा मुलाला ‘ध्यान कर’ म्हणणाऱ्याने त्याचे दुःख ऐकूनही घेतले पाहिजे. भीती झोप आणि भूक हिरावू लागली, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

पालकांनी घरची अडचण मुलांपासून पूर्णपणे लपवण्यापेक्षा त्यांना पेलेल एवढी सांगावी. अर्धवट कानावर आलेली गोष्ट अधिक घाबरवते. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर एखादी संध्याकाळही द्यावी. याच वसतिगृहात आपणही कधी घाबरलो होतो, हे मोठ्या झालेल्या माणसाच्या तोंडून ऐकणे लहानग्यांना फार मोठा आधार देईल.