विश्लेषण : पीक विम्याच्या बोगस अर्जांचा माग ‘लॉग’मधून कसा लागतो? १८० दिवसांची मर्यादा का महत्त्वाची?

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि बीडसह अनेक जिल्ह्यांत अर्जांचा पूर आला. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बीड जिल्ह्यातील बोगस विम्याचा विषय लावून धरला. पुढे सामूहिक सेवा केंद्रांवर कारवाई झाली आणि खरीप २०२५ पासून एक रुपयाची योजनाच बंद झाली. शेतकरी एक रुपया भरत असला तरी केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. अर्ज वाढवण्याचे आमिष तिथेच होते. ज्या बीडने २०२० मध्ये ८०-११० सूत्राचा ‘बीड पॅटर्न’ राज्याला दिला, त्याच जिल्ह्याचे नाव बोगस अर्जांसाठी घेतले जावे, हा दैवदुर्विलासच.

अशा चौकशीत सातबारा आणि पेरा तपासला जातोच. पण अर्ज कुणाच्या आयडीवरून, कुठून आणि किती वाजता भरला, हे सांगतो तो सर्व्हरचा ‘ॲक्सेस लॉग’.

प्रॉक्सीचा लॉग म्हणजे काय?

मोठ्या संकेतस्थळाच्या दारात बहुधा एक प्रॉक्सी सर्व्हर उभा असतो. येणारी प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे जाते आणि मग आतल्या यंत्रणेकडे. आतल्या यंत्रणेला अनेकदा फक्त प्रॉक्सीचाच पत्ता दिसतो, मूळ वापरकर्त्याचा आयपी पत्ता प्रॉक्सीच्या वहीत राहतो. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांचे इंटरनेट एकाच प्रॉक्सीतून जात असेल, तर नेमका कोणता संगणक, हेही तीच वही सांगते. गावच्या वेशीवरच्या चौकीतले नोंदवहीचे रजिस्टर म्हणा हवे तर.

वेळ वाचण्यात घोळ कुठे होतो?

‘स्क्विड’ हा बराच वापरला जाणारा प्रॉक्सी वेळ तारखेच्या रूपात लिहीत नाही. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून (ग्रीनिचच्या प्रमाणवेळेनुसार) किती सेकंद झाले, तो आकडा लिहितो. समजा नोंद आहे १७२२४५७८००.४१७. दशांश चिन्हानंतरचे तीन अंक मिलिसेकंदांचे. आकडा जसाच्या तसा तारखेत बदलला, तर निघते ३१ जुलै २०२४, रात्री ८ वाजून ३० मिनिटे. पण ही वेळ आपली नव्हे. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद मिळवले की ती होते १ ऑगस्टची रात्री २ ची. अर्जाची मुदत ३१ जुलैच्या मध्यरात्री संपत असेल, तर पहिल्या वाचनात अर्ज मुदतीतला आणि दुसऱ्यात मुदतीनंतरचा.

आणखी एक बारकावा आहे. स्क्विडच्या नेहमीच्या नोंदीतली वेळ व्यवहार पूर्ण झाल्यावरची असते. शेजारच्या रकान्यात तो किती मिलिसेकंद चालला ते असते. सुरुवातीची वेळ हवी तर वजाबाकी करावी लागते. नेटवर्क रखडत असेल तर हा फरक क्षुल्लक राहत नाही.

हे आकडे वाचनीय करणे अवघड नाही. सेटिंग बदलून पुढच्या नोंदी सरळ तारखेत लिहिता येतात आणि जुन्या फायलीसाठी एका ओळीची आज्ञा पुरते. मात्र बदल नेहमी प्रतीत करावा. मूळ फायलीला हात लावला की तिचे ‘हॅश’ मूल्य बदलते आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात नेमके हेच मूल्य द्यावे लागते.

घड्याळ चुकले तर?

मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. सर्व्हरचे घड्याळ दोन-चार मिनिटे पुढे-मागे असेल, तर दूरसंचार कंपनी भलत्याच माणसाचे नाव काढून देऊ शकते आणि पोलीस त्याच्या दारात उभे राहतात. म्हणूनच ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याची सक्ती आहे.

लॉग पुसले का जातात?

डिस्क भरू नये म्हणून. ठरावीक काळाने चालू फाईल बंद करून नवी उघडतात, जुनीला क्रमांक देतात आणि मर्यादा संपली की सर्वांत जुनी नष्ट होते. याला रोटेशन म्हणतात. स्क्विडमध्ये न सांगता मिळणारी मर्यादा १० फायलींची. रोज रोटेशन असेल तर अकराव्या दिवशी पहिल्या दिवसाचा पुरावा गेला. यात कुणाचा कट असावा लागत नाही, सेटिंग तशीच ठेवली की झाले.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी लॉग सलग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. खरिपाच्या अर्जांना हे गणित लावून पाहा. २४ जून २०२४ च्या नोंदीचे १८० दिवस २१ डिसेंबरला भरतात आणि नागपूर अधिवेशन संपले तेही २१ डिसेंबरलाच. ३१ जुलैच्या नोंदीचे भरतात २७ जानेवारी २०२५ ला. म्हणजे विषय सभागृहात गाजत असतानाच हंगामाच्या सुरुवातीच्या नोंदींची सक्तीची मुदत सरत होती. पीक विम्यातली गडबड सहसा कापणीनंतर, भरपाईच्या वेळी उघडी पडते. त्या वेळापत्रकापुढे १८० दिवस तोकडेच आहेत.

न्यायालय काय म्हणते?

शेजारच्या जालन्याचे उदाहरण ताजे राहायला हवे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता की खोतकरांचे अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ नंतर दाखल झाले. सगळा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर आणि त्यातल्या वेळेवर आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोतकरांचे अपील फेटाळले. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य, हा या निकालाचा गाजलेला भाग. कमी चर्चा झाली ती दुसऱ्या निर्देशाची : तपासात एखादी नोंद जप्त झाली असेल, तर दूरसंचार आणि इंटरनेट कंपन्यांनी त्या काळातल्या संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात.

बीडसारख्या प्रकरणात तक्रार आली त्याच दिवशी पोर्टल चालवणाऱ्यांना आणि विमा कंपनीला ‘या तारखांचे लॉग रोटेशनमधून बाहेर काढा’ असे एक पत्र गेले पाहिजे. आयडी-पासवर्ड दुसऱ्याच कुणी वापरला, असे म्हणणाऱ्या केंद्रचालकाचे खरे-खोटेही त्याच नोंदींवरून ठरणार आहे.